छाट कलम आणि जीवाचे अखंडत्व

मिरवेलीचा दोन-तीन पेरांचा तुकडा मूळ वेलीपासून कापून ओलसर मातीत लावला, सावलीत ठेवला आणि पाणी कमी पडू दिले नाही, तर काही आठवड्यांत त्याला मुळे फुटतात, पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो आणि एक स्वतंत्र वेल वाढू लागते. या तुकड्याला बागायतदार छाट कलम म्हणतात. घराच्या परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत कोणालाही करता येईल अशी ही कृती आहे. परंतु जीव म्हणजे देहाला धारण करणारे, सुखदुःख भोगणारे तत्त्व अविभाज्य आहे असे मानणाऱ्या दर्शनांपुढे ती एक अवघड प्रश्न उभा करते. बीजापासून होणाऱ्या जन्मात जुना देह आणि नवा देह यांच्यामध्ये एक सीमा असते, आणि त्या सीमेवर नवा जीव देहात आला असे म्हणता येते. छाट कलमात अशी सीमा कुठेच सापडत नाही. काल जी फांदी होती तीच आज वेल आहे. मधल्या कोणत्याही क्षणी ती मेलेली नव्हती आणि कोणत्याही क्षणी ती जन्मलीही नाही. मग तिच्यात जो जीव आहे तो मूळ वेलीचाच विभागलेला जीव आहे, बाहेरून आलेला दुसरा जीव आहे, की वेलीत पूर्वीपासून असलेल्या अनेकांपैकी एक आहे? की देहाला असा एक मालक असतो हे गृहीतच तपासून पाहायला हवे?

काळी मिरी ही पश्चिम घाटातल्या दमट सावलीतली वेल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागायतींत आणि गोव्याच्या कुळागरांत ती पोफळीवर, माडावर, आंब्या-फणसावर किंवा मुद्दाम लावलेल्या पांगाऱ्यावर चढवली जाते. ती बियांपासूनही उगवते, पण बियांची रोपे एकसारखी निपजत नाहीत आणि फळावर यायला वेळ घेतात, म्हणून लागवडीसाठी छाट कलमाचीच रीत रूढ झाली आहे. निरोगी आणि भरघोस धरणाऱ्या वेलीच्या बुंध्यातून जमिनीलगत धावणारे फुटवे निघतात. ते जागीच मातीत रुजू नयेत म्हणून खुंटीला गुंडाळून ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापून घेतात. शेंड्याचा फार कोवळा आणि बुडाचा फार जून भाग वगळून मधल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करतात. पाने देठ राखून छाटतात, कारण मुळे नसलेल्या तुकड्यातून पानांवाटे पाणी उडत राहिले तर तो रुजण्याआधीच सुकतो. मग दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत अशा मिश्रणात, निदान एक पेर मातीखाली जाईल अशा बेताने, हे तुकडे लावतात. पाऊस सुरू होईपर्यंत ती कलमे लावणीजोगी होतात.

या सगळ्यात पेराला जे महत्त्व आहे ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. पेर म्हणजे खोडावरचा फुगीर सांधा: त्याच्या एका बाजूला पान, पानाच्या बगलेत मिटलेला डोळा, आणि आधाराला घट्ट धरून ठेवणारी आखूड मुळे. दोन पेरांमधले कांडे गुळगुळीत आणि या सर्वांपासून रिकामे असते. पेर नसलेले नुसते कांडे लावले तर त्यातून वेल उभी राहत नाही, कारण वर फुटायला त्याच्यापाशी डोळाच नसतो. उलट एकच पेर आणि त्यावरचे एक पान एवढ्या तुकड्यापासूनही वेल करता येते. वनस्पतिशास्त्र असे सांगते की शेंड्याकडे तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे द्रव्य खोडातून खालच्या दिशेने वाहते, कापलेल्या खालच्या टोकाशी साचते आणि तिथल्या पेशींना मूळ होण्याकडे वळवते. ही दिशा खोडात इतकी मुरलेली असते की तुकडा उलटा धरला तरी वनस्पतीच्या दृष्टीने जे खालचे टोक, तिकडेच मूळ धरण्याचा त्याचा कल राहतो.

प्राचीन भारतीय ग्रंथकारांना ही गोष्ट ठाऊक होती. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात सृष्टीतील जीवांचे वर्गीकरण येते, तेव्हा उद्भिज्ज, म्हणजे जमीन भेदून वर येणाऱ्या स्थावर जीवांबद्दल, ते बीजापासून आणि कांडापासून वाढतात असे दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी सांगितले आहेत. आणि त्याच प्रकरणात, तमोगुणाने वेढलेले असले तरी या जीवांना आतल्या आत जाणीव असते व सुखदुःख होते, असेही म्हटले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद नावाच्या अध्यायात डाळिंब, द्राक्ष, केळ, जांभूळ, अशोक इत्यादी झाडे कांडापासून लावावीत आणि त्यांना शेण माखावे असे सांगितले आहे. म्हणजे एकीकडे वनस्पती भोगणारी आहे हा सिद्धान्त होता आणि दुसरीकडे तिचे तुकडे करून नव्या वनस्पती मिळवण्याची विद्या होती. या दोहोंना समोरासमोर आणून, भोगणाऱ्याचे काय झाले, असे मात्र या दोन ग्रंथांपैकी एकानेही विचारलेले नाही.

उपनिषदे या प्रश्नाच्या अगदी जवळ येतात. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी याज्ञवल्क्य जनकाच्या सभेतल्या ब्राह्मणांना माणूस आणि झाड यांचे साम्य एकेका अवयवाने दाखवतो आणि मग विचारतो की तोडलेले झाड मुळापासून पुन्हा वाढते, तर मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळापासून वाढतो. झाड मुळासकट उपटले तर ते पुन्हा होत नाही, हेही तो बजावतो. सभेत कोणालाही उत्तर देता येत नाही. या युक्तिवादाचा सगळा भार मुळावर आहे: जिथे मूळ शिल्लक आहे तिथे पुनर्जीवन, जिथे मूळ गेले तिथे शेवट. छाट कलम नेमके याच ठिकाणी आड येते, कारण त्यात मुळापासून तोडलेला, मूळ नसलेला भाग जगतो आणि स्वतःसाठी मूळ निर्माण करतो. याज्ञवल्क्याचा प्रश्न यामुळे खोटा ठरत नाही, कारण तो मुळात झाडाबद्दलचा प्रश्न नाही. पण मूळ म्हणजे आधीपासून खाली असलेली आणि वरचे सारे जिच्यावर उभे आहे अशी वस्तू, ही त्यामागची कल्पना वनस्पतींच्या बाबतीत सर्वत्र लागू पडत नाही, हे मान्य करावे लागते.

छांदोग्याच्या सहाव्या अध्यायातला उद्दालक आणि श्वेतकेतू यांचा संवाद याहून अधिक उपयोगाचा आहे. एखाद्या मोठ्या वृक्षाच्या मुळावर, मध्यावर किंवा शेंड्यावर घाव घातला तर तो जिवंतपणे रस गाळतो, कारण तो जीवाने व्यापलेला आहे. जीव एका फांदीला सोडून जातो तेव्हा ती सुकते, दुसरीला सोडतो तेव्हा दुसरी सुकते, सगळ्या वृक्षाला सोडतो तेव्हा सगळा वृक्ष सुकतो, असे उद्दालक सांगतो. यावरच्या भाष्यात शंकराचार्य दोन गोष्टी नोंदवतात. पहिली अशी की फांदी सुकते तेव्हा जीव तिच्यात पसरलेला आपला अंश आवरून घेतो. आणि दुसरी अशी की या दृष्टान्तावरून स्थावरांना चेतना आहे हे सिद्ध होते, म्हणून ती अचेतन आहेत हे बौद्धांचे आणि कणादाच्या अनुयायांचे, म्हणजे वैशेषिकांचे, मत निःसार ठरते.

उद्दालकाने सुकणारी फांदी पाहिली. रुजणारी फांदी त्याच्या दृष्टान्तात नाही. कापलेल्या फांदीतून जीवाने आपला अंश आवरून घेतला असेल, तर ती सुकायला हवी. ती सुकत नाही, त्याअर्थी तो अंश तिच्यात राहिला असला पाहिजे. आणि तो राहिला असेल, तर एका जीवाचे दोन भाग झाले असे म्हणावे लागेल, जे वेदान्ताला मान्य नाही. अद्वैताला या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट आहे. आत्मा मुळात एकच आहे, जीव म्हणून त्याचे जे वेगळेपण दिसते ते देह, इंद्रिये, मन या उपाधींमुळे, म्हणजे मर्यादा घालणाऱ्या वस्तूंमुळे. त्यामुळे फांदी तुटली तेव्हा उपाधी दोन झाल्या, आत्मा दुभंगला नाही. हे उत्तर तर्काने निर्दोष आहे, परंतु ते प्रश्नाच्या एका अर्ध्यालाच पोचते. आत्मा एकच असला तरी भोग वेगवेगळे आहेत: मूळ वेलीला पाणी मिळाले म्हणून कुंडीतल्या कलमाची तहान भागत नाही. त्या दुसऱ्या भोगाचा आरंभ कधी झाला आणि कोणत्या कर्माने झाला, याचा खुलासा उपाधीच्या सिद्धान्तातून आपोआप होत नाही.

या संदर्भात ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील एक चर्चा लक्षात घेण्यासारखी आहे. पुण्याचा भोग संपल्यावर चंद्रलोकातून खाली येणारे जीव पावसावाटे तांदूळ, जव, तीळ यांत येतात असे छांदोग्य सांगते. तिथे ते वनस्पती म्हणून जन्म घेतात काय, असा प्रश्न आहे. सूत्रकारांचे उत्तर असे की त्या वनस्पतींत त्यांचे स्वतःचे जीव आधीच नांदत असतात, आणि खाली येणारे जीव तिथे फक्त संसर्गाने राहतात. म्हणून भात कापला, कांडला, शिजवला तरी त्या पाहुण्या जीवांना त्याचे दुःख होत नाही. एका वनस्पतिदेहात त्याचा भोक्ता आणि न भोगणारे इतर अनेक जीव एकाच वेळी असू शकतात, ही कल्पना वेदान्तात अशा रीतीने मान्य झालेली आहे. पेरापेराशी थांबलेला असा एखादा जीव फांदी तुटताच तिचा भोक्ता होतो, असे म्हणायला शास्त्रात जागा होती. मात्र सूत्रांच्या या चर्चेने ते पाऊल टाकलेले नाही. रामानुजाचार्यांच्या मताने जीव अणुपरिमाण आहे आणि त्याचे ज्ञान दिव्याच्या प्रभेसारखे देहभर पसरते. तेव्हा तुटलेल्या फांदीसाठी दुसरा जीव येणे त्या मतात अपरिहार्यच ठरते.

न्याय-वैशेषिकांचा विचार वेगळ्या दिशेने जातो आणि त्याचा निष्कर्ष धाडसी आहे. अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेली पण त्यांच्याहून वेगळी अशी संपूर्ण वस्तू, ही एक खरी वस्तू आहे असे ते मानतात; पण त्यामुळेच अवयवांच्या मांडणीत फरक पडला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांपासून नवा निर्माण होतो. या न्यायाने एक फुटवा कापला की केवळ कलमच नवे ठरत नाही, मागे राहिलेली वेलसुद्धा नवीच ठरते. ‘ही तीच वेल’ ही ओळख सादृश्यावर चाललेली असते. त्यांच्यापैकी प्रशस्तपादाने वृक्षवेलींना शरीरांत न धरता विषयांत, म्हणजे भोगल्या जाणाऱ्या वस्तूंत, गणले होते, त्यामुळे त्याच्यापुढे जीवाची अडचण उभीच राहत नव्हती. पुढे उदयनाने मात्र जगणे, मरणे, झोपणे, जागणे, रोग होणे, औषध लागू पडणे, अनुकूल गोष्टीकडे वळणे अशी कारणे देऊन वृक्षांनाही भोक्ता आहे असे प्रतिपादन केले, आणि मोडलेले-जखमलेले भाग भरून येतात हा पुरावा नंतरच्या नैयायिकांनी त्यात घातला. जखम भरून येणे आणि तुकड्याला मूळ फुटणे या दोन्ही गोष्टी एकाच शक्तीच्या आहेत. तरी पहिलीवरून एक भोक्ता सिद्ध करताना दुसरीवरून दोन भोक्ते होतात, याची दखल त्यांनी घ्यायला हवी होती.

ही दखल ज्यांनी खरोखर घेतली ते जैन विचारक होत. वनस्पतींकडे इतक्या बारकाईने, इतक्या जवळून आणि त्यांच्या दुःखाची इतकी काळजी वाहत पाहणारी दुसरी परंपरा भारतात नाही. शय्यंभवांच्या नावे असलेल्या दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात वनस्पतींचे प्रकार त्या कशापासून उगवतात यावरून केले आहेत: शेंडा हे ज्यांचे बीज, मूळ हे ज्यांचे बीज, पेर हे ज्यांचे बीज, खोड हे ज्यांचे बीज, बियांपासून उगवणाऱ्या, आणि बीजाविना आपोआप उगवणाऱ्या. याच ठिकाणी असेही सांगितले आहे की वनस्पती सचित्त, म्हणजे सजीव, आहे, तिच्यात अनेक जीव आहेत आणि त्यांचे अस्तित्व वेगवेगळे आहे. अपवाद फक्त शस्त्राने परिणत झालेल्या, म्हणजे कापणे, भाजणे, कुटणे इत्यादींमुळे निर्जीव झालेल्या, वनस्पतीचा. मिरवेल पेरबीजांत मोडते हे उघड आहे. आणि कलम कापणाऱ्या चाकूने फांदीला शस्त्रपरिणत केले नाही हेही तितकेच उघड आहे, कारण ती अचित्त झाली असती तर रुजली नसती.

जैन मताप्रमाणे जीव देहाएवढ्या आकाराचा असतो, देहाबरोबर पसरतो आणि आकुंचन पावतो. त्याचे असंख्य प्रदेश असतात, परंतु त्यांपैकी एकही त्याच्यापासून सुटा होत नाही. यावर प्रतिपक्षाचा जुना आक्षेप असा होता की देह कापला तर जीवही कापला जाईल. मल्लिषेणाने स्याद्वादमंजरीत, हेमचंद्राच्या एका स्तोत्रावरील या तेराव्या शतकातील टीकेत, त्याला उत्तर दिले आहे: तुटलेला अवयव काही काळ फडफडतो, कारण जीवाचे प्रदेश तिथे असतात, कमळाच्या देठाचे दोन तुकडे झाले तरी आतले तंतू जोडलेले राहावेत तसे ते मूळ देहातील प्रदेशांशी जोडलेले असतात आणि अखेरीस तिकडेच परततात. प्राण्याच्या अवयवाला हे उत्तर पुरते. छाट कलमाला ते पुरत नाही, कारण तिथे तुटलेला भाग फडफडून थांबत नाही, तो वर्षानुवर्षे वाढत राहतो.

म्हणून जैनांनी वनस्पतीच्या देहाचीच कल्पना बदलली. आचारांगाच्या आरंभी माणसाचा देह आणि वनस्पती यांची तुलना करताना, हाही जन्मतो तीही जन्मते, हाही कापला तर कोमेजतो तीही कापली तर कोमेजते, असे साम्य दाखवले आहे. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती गोम्मटसाराच्या जीवकांडात नेमका याच्या उलट अनुभव लक्षण म्हणून घेतात. ज्या वनस्पतीच्या शिरा, सांधे आणि पेरे गूढ म्हणजे न दिसणारी असतात, जी मोडली असता सरळ समान मोडते, जिच्या मोडलेल्या भागात तंतू राहत नाहीत आणि जी कापली तरी पुन्हा उगवते, तिचा देह साधारण होय, म्हणजे अनंत जीव मिळून एकत्र आहार घेणारा, एकत्र श्वास घेणारा समाईक देह होय. याच्या विपरीत असेल तो प्रत्येक, म्हणजे एका जीवाचा देह. पुढे ते असेही सांगतात की ही परीक्षा संपूर्ण वनस्पतीची एकदम न करता मूळ, कंद, साल, कोंब, फांदी, पान, फूल, फळ, बी अशा एकेका भागाची करावी. जो गुण इतर दर्शनांना अडचण वाटू शकला असता तोच इथे ज्ञानाचे साधन झाला आहे: कापल्यावर उगवणे ही गोष्ट जीव विभागल्याचा पुरावा ठरत नाही, तर ज्याला एक समजले जात होते तो कधीच एक नव्हता, याचा पुरावा ठरते.

मिरवेलीला ही परीक्षा लावली तर निकाल सरळ लागत नाही. तिची पेरे गूढ नाहीत, डोळ्यांत भरतील इतकी ठळक आहेत. जून फांदी मोडली तर तंतू लोंबतात. पण कापली तर ती उगवते. काही लक्षणे एका बाजूला आणि एक लक्षण दुसऱ्या बाजूला, अशा वेळी एकेका भागाची वेगळी परीक्षा करण्याचा नेमिचंद्रांचा नियम फार मोलाचा ठरतो, कारण वेल जैविकदृष्ट्या खरोखरच भागाभागांनी बनलेली आहे. एक पान, एक डोळा, मुळांची शक्यता आणि खालचे कांडे असा एक घटक पुन्हापुन्हा वर रचला जातो; या घटकांवर हुकूम चालवणारे मेंदूसारखे केंद्र कुठेही नसते. सूक्ष्मदर्शक हाती नसताना, निव्वळ मोडून, सोलून, लावून पाहण्याच्या आधारावर वनस्पतीच्या एकत्वाबद्दल शंका घेणे, ही भारतीय विचारातील मोठी कामगिरी आहे, आणि तिला मिळायला हवे तेवढे महत्त्व तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मिळालेले नाही.

परंतु मिरवेलीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्यापुढे अनेक जीवांचा सिद्धान्तही अपुरा पडतो. या वेलीच्या फांद्या एकाच स्वभावाच्या नसतात. जमिनीलगत धावणारे फुटवे आणि आधाराला धरून वर चढणारे फुटवे हे एका प्रकारचे; आणि चढत्या खोडापासून आडव्या निघणाऱ्या, आधाराला न चिकटणाऱ्या, मिरीचे घोस धरणाऱ्या फळफांद्या हा दुसरा प्रकार. धावत्या फुटव्याचे कलम लावले तर चढणारी वेल होते आणि ती साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळावर येते. फळफांदीचे कलम लावले तर ते चढतच नाही. त्याचे बुटके, पसरट झुडूप होते, कुंडीत मावते आणि लवकर मिरी धरू लागते. बागायतदार तिला झुडूपमिरी म्हणतात. दोन्ही कलमांतले आनुवंशिक द्रव्य तेच, माती तीच, पाणी तेच, आईही तीच. पण मूळ वेलीवर ज्या जागी असताना फांदीला जी सवय जडली, ती सवय तुटल्यावरही तिच्याबरोबर जाते. झुडूपमिरीच्या बुडातून क्वचित धावता फुटवा निघतो आणि तो काढून टाकावा लागतो. म्हणजे दुसरी शक्यता नाहीशी झालेली नसते, ती दबलेली असते.

कलमात कोणाचा जीव आहे या प्रश्नाला जी उत्तरे आतापर्यंत पाहिली त्यांपैकी एकही, ही फांदी चढत का नाही, याचे उत्तर देत नाही. विभागलेला जीव असो, नवा आलेला असो की अनेकांपैकी एक असो, त्याला चढण्याची किंवा न चढण्याची खोड कुठून आली, हे वेगळेच सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी सर्वच दर्शने संस्काराकडे वळतात. संस्कार म्हणजे पूर्वीच्या क्रियेने मागे ठेवलेला, पुढील क्रियेला वळण देणारा ठसा. मग जी गोष्ट एका देहातून दुसऱ्या देहात निर्विवादपणे गेलेली दिसते ती संस्कार असेल, तर त्या संस्काराला वाहून नेणारा मालक मानण्याची गरज उरते काय, असे बौद्ध विचारील. त्याच्या मते संतान, म्हणजे एका क्षणाच्या अवस्थेतून दुसऱ्या क्षणाची अवस्था उत्पन्न होत जाणारा अखंड प्रवाह, एवढेच सत्य आहे. मिलिंदपञ्हात राजा मिलिंदाला भदन्त नागसेन आंबाचोराचे उदाहरण देतात: चोर म्हणतो की या माणसाने लावलेले आंबे मी नेले नाहीत, त्याने लावले ते वेगळे आणि मी नेले ते वेगळे, तरी तो शिक्षेला पात्र ठरतो, कारण हे आंबे त्या आंब्यांच्या आश्रयानेच झाले. ते तेच नव्हेत आणि सर्वस्वी दुसरेही नव्हेत. छाट कलमाबद्दल याहून नेमके विधान करणे अवघड आहे. विशेष असे की थेरवादी परंपरा वनस्पतींना सामान्यतः जीव मानत नाही, त्यामुळे नागसेनांना हे उदाहरण फक्त माणसाच्या पुनर्जन्मासाठी हवे होते. पण ते वनस्पतीलाच सर्वांत चपखल बसते.

याची खरी कसोटी सुखाच्या वारशात लागत नाही, रोगाच्या वारशात लागते. मिरवेलीला विषाणूंमुळे होणाऱ्या एका रोगात पाने बारीक आणि वेडीवाकडी होतात, पेरांमधले अंतर कमी होते आणि वेल खुरटते. हा रोग मुख्यतः रोगट वेलीवरून घेतलेल्या कलमांवाटे पसरतो. कलम लावताना ते धडधाकट दिसले तरी रोग त्याच्या रसात असतो. भारतीय कर्मविचारात दोन दोष टाळायचे असतात: कृतनाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या माथी येणे. कलमात नवा जीव आला असे मानले तर त्याला आईच्या देहातला रोग भोगावा लागणे हा अकृताभ्यागम ठरू नये म्हणून, त्याचे स्वतःचे पूर्वकर्म त्या रोगट फांदीशी नेमके जुळले होते, असे म्हणावे लागते. हे म्हणता येते, पण एका वेलीवरून शेकडो कलमे केली आणि ती सगळीच खुरटली, तर इतक्या जीवांची कर्मे एकाच बागायतदाराच्या चाकूखाली एकाच दिवशी जुळून आली असे मानणे जड जाते. प्रवाहाच्या सिद्धान्ताला हे ओझे उचलावे लागत नाही. ज्या प्रवाहात रोग शिरला त्याच प्रवाहाच्या शाखांत तो पुढे गेला.

केरळातील कण्णूर जिल्ह्यात पन्नियूर येथील मिरी संशोधन केंद्राने दोन जातींच्या संकरातून तयार केलेली पन्नियूर-1 ही मिरीची पहिली संकरित जात 1971 मध्ये प्रसारित झाली. संकरातून मिळालेल्या एका रोपाची निवड झाली आणि त्यानंतरची या जातीची प्रत्येक वेल छाट कलमांच्या साखळीने त्या एका रोपापर्यंत जाऊन पोचते. असंख्य बागांत एकाच वेळी वाढणाऱ्या या वेली किती व्यक्ती आहेत, या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येत नाही. त्यांतली एखादी वेल बुडाच्या कुजीने वाळली तर काहीतरी निश्चित मेले. पण पन्नियूर-1 मेली असे कोणी म्हणणार नाही.

एवढ्यावर प्रवाहाचा सिद्धान्त जिंकला असे म्हणून थांबणे मात्र योग्य होणार नाही, कारण तो मानणाऱ्या परंपरेचे आचरण त्याच्याशी सर्वस्वी जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातही विचार आहे. विनयपिटकात भिक्षूंसाठी वनस्पतींचा नाश वर्ज्य केला आहे. त्या नियमाच्या विवरणात मूळ, खोड, पेर, शेंडा आणि बी हे पाच प्रकारचे बीज सांगितले असून, हळद-आले हे मूळबीजाचे, वड-पिंपळ-उंबर हे खोडबीजाचे, ऊस-वेळू हे पेरबीजाचे नमुने दिले आहेत. आणि टीकाकारांनी जमिनीत रुजलेली वनस्पती व तिच्यापासून सुटी झालेली पण रुजण्याजोगी वस्तू यांत भेद करून, पहिलीच्या नाशाला मोठा आणि दुसरीच्या नाशाला लहान दोष मानला आहे. या नियमाचे एक कारण असे दिले आहे की लोक वृक्षांना जीव आहे असे मानतात. भिक्षूने स्वतः ते मानले पाहिजे असे नाही. पण ज्यांच्यामध्ये तो राहतो त्यांच्या करुणेला त्याने धक्का देऊ नये.

याच विनयाच्या परंपरेत अशोककन्या संघमित्रेने बोधिवृक्षाची दक्षिण शाखा लंकेला नेली आणि ती अनुराधपूरला लावली गेली. महावंसात हा प्रसंग विस्ताराने येतो, आणि त्यात सर्वांत लक्षणीय गोष्ट ही की शाखेला शस्त्र लागत नाही. सम्राट अशोक मनशीळ या तांबड्या द्रव्याने शाखेवर रेघ ओढतो, शाखा आपण होऊन विलग होते, सुगंधी मातीने भरलेल्या सुवर्णपात्रावर येते आणि तिला मुळे फुटतात. कथाकाराला हे ठाऊक आहे की पिंपळ खोडबीज आहे. त्याला हेही ठाऊक आहे की बुद्ध ज्याच्याखाली बसले त्या वृक्षावर चाकू चालवणे म्हणजे काय. बोधिवृक्ष हा पारिभोगिक धातू, म्हणजे बुद्धांनी प्रत्यक्ष उपयोगात आणलेली वस्तू म्हणून वंद्य आहे; आणि अनुराधपूरची शाखा या अर्थाने वंद्य असायची तर ती तोच वृक्ष असली पाहिजे, त्याच्यासारखा दुसरा असून भागणार नाही. बोधगयेचा जुना वृक्ष 1876 मध्ये वादळात पडला, पण साखळी तुटली नाही. 1931 मध्ये सारनाथला जे झाड लावले गेले ते अनुराधपूरहून आणले होते. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर, जिथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला, तिथला बोधिवृक्षही अनुराधपूरच्या शाखांपासून वाढवलेला आहे.

अनात्मवाद सांगणाऱ्या परंपरेने एका वृक्षाच्या बाबतीत ‘हा तोच’ असे म्हणावे, ही विसंगती आहे असा आक्षेप घेता येईल. पण त्या परंपरेत ‘तोच’ हा शब्द आत कोणीतरी तोच बसला आहे या अर्थाने कधीच वापरलेला नव्हता. शाखेने मूळ धरले, त्यात कुठे खंड पडला नाही, आणि प्रत्येक वेळी ती शाखा कोणीतरी ओली ठेवली, सावलीत ठेवली, समुद्रावरून जपून नेली, एवढ्याच अर्थाने तो तोच आहे. टीकाकारांनी बोधिवृक्षाची फांदी तोडायची परवानगी दिली आहे ती मोजक्या प्रसंगी: ती स्तूपाला किंवा मूर्तिगृहाला बाधक होत असेल तेव्हा, किंवा तिचा कुजलेला भाग काढल्याने वृक्षाचेच रक्षण होत असेल तेव्हा, आणि असा भाग काढणे हे देहाची शुश्रूषा करण्यासारखेच आहे असे ते मानतात. मिरवेलीचे कलम करणाराही रोगट फांदी काढून टाकतो, निरोगी फुटवा निवडतो आणि चाकू स्वच्छ करून मगच तो पेराखाली टेकवतो. आणि त्या फुटव्यात एक जीव आहे, अनंत आहेत की एकही नाही, याचा निकाल लागेपर्यंत जैन आणि बौद्ध ग्रंथकारांनी आपापल्या कारणांनी त्याच्याकडून ज्या काळजीची अपेक्षा केली असती, ती काळजी जवळपास सारखीच आहे.